हात मागे

एकोणीस वर्षं मी या दालनात एकच वाक्य बोललो:
हात मागे.
कधी ‘ठेवा’ लावून, बहुतेकदा न लावता.
लोखंडी खुर्ची, तिचा एक पाय आखूड,
त्याखाली तिकिटांची घडी,
आणि समोर सत्तावीस चित्रं.
मोजलेली. बघितलेली नाहीत.

बुधवारी सातपूरच्या शाळेची पोरं आली,
डोक्याला तेल, खिशात चिवडा
(लपवला तरी कांद्याचा वास येतोच).
मागल्या वर्षीही आली होती अशीच,
रांगेत आत, रांगेत बाहेर, अकरा मिनिटं.
काका, मुतारी कुठंय?
एवढंच त्या सहलीत कुणी माझ्याशी बोललं.

या खेपेच्या बाई नवीन. गांगुर्डे बाई.
पाट्या वाचायच्या नाहीत, म्हणाल्या,
नाव, साल, सगळं नंतर.
आधी सांगा, या घाटावर कुत्री किती?

आणि सगळं दालन जमिनीवर आलं.
कुणी गुडघ्यांवर, कुणी पोटावर,
एकजण उताणा, उलटं बघितलं की लवकर दिसतं म्हणे.
तीन. नाही, चार.
पाचवं मुस्कान तांबोळीला सापडलं,
छत्रीआड, नुसतं शेपूट.

एकोणीस वर्षं ते शेपूट
माझ्या डोळ्यांपासून सहा फुटांवर होतं.

मग बेंडकुळ्यांचा मोहित म्हणाला,
बाई, हे पाणी धरणातून सोडलेलंय.
कशावरून रे?
दुतोंड्या मारुती कंबरेपर्यंत बुडालाय ना!
आमचे पप्पा रात्री मोबाइलवर तेच बघतात,
कुठवर आलं, कुठवर आलं.
मग सगळेच पाण्यावर बोलायला लागले,
कुणाच्या मामाची टपरी गेली होती,
कुणाची नुसती चप्पल.
चित्रकाराचं नाव अजून कुणी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या पैलवानासारखं
एक मिनिट उभं राहायचं ठरलं.
मोहित नवव्या सेकंदाला पडला.
उठून पैलवानाची पोटरी बघत राहिला बराच वेळ,
म्हणाला, याला कुणी बस म्हणत नाही का?
मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

शेवटी ते लाल चित्र.
पाच बाय सात, लाल, आणि परत लाल.
यात काहीच नाही बाई, पोरं म्हणाली
(माझंही तेच मत, पगारी माणूस म्हणून गप्प).
बाई म्हणाल्या, बरं, मग ते ओरडतंय किती मोठ्यानं?
काढून दाखवा.

काढला.
सव्वीस पोरांनी त्या लालचा आवाज काढला.
साहेब चष्मा कपाळावर ठेवून केबिनच्या दारात आले,
माझ्याकडे बघितलं.
आता माझं वाक्य यायला हवं होतं.
मी म्हणालो, साहेब,
ते सात नंबरचं चित्र आहे ना, त्याचा आवाज आहे.
साहेब त्या चित्राकडे बघत राहिले.
मग आत गेले. दार लोटलं नाही.

निघताना मुस्कान खुर्चीपाशी आली,
काका, यातलं एक घरी न्यायचं तर कुठलं?
हा त्यांचा शेवटचा खेळ होता, सगळ्यांना विचारायचा.
आमच्या पाथर्डी फाट्याच्या खोलीत भिंत एकच मोकळी,
तिच्यावर गॅसवाल्याचं कॅलेंडर.
मी उगीच बोट केलं, दाराजवळचं, लहान,
कळशी घेऊन पायऱ्या चढणारी बाई.

ती म्हणाली, ते नका नेऊ.
तिचे हात ओले आहेत. सटकणारेय कळशी.

बस गेली. फरशीवर चुरमुरे होते, झाडले.
तेव्हापासून रोज सकाळी कुलूप काढलं
की दिवे लावायच्या आधी
मी त्या बाईपाशी जातो.
आज शुक्रवार.
अजून धरून आहे.
मी हात मागे बांधून उभा राहतो,
पण तळहात उघडे ठेवतो, न जाणो.